दातकिडीच्या जीवाणूवर प्रोपोलिस आणि मध : प्रकल्पाची नोंदवही

२ डिसेंबर २०२४

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थिनींचा प्रकल्प आजपासून सुरू झाला. मार्गदर्शक म्हणून या नोंदी मी ठेवत आहे. अशाच विषयावर काम करू पाहणाऱ्या दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयाला आमच्या चुका पुन्हा कराव्या लागू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू आहे. प्रश्न आम्ही मुद्दाम लहान ठेवला आहे. दात किडण्यास मुख्यतः जबाबदार धरल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स या जीवाणूची वाढ मधमाशांच्या प्रोपोलिसने (झाडांची राळ आणि मेण यांच्या चिकट मिश्रणाने) आणि मधाने थांबते का, आणि थांबत असेल तर किती प्रमाण लागते, एवढेच पाहायचे आहे. दोघींपैकी एकीने, वर्गातील मुलांच्या लाळेचे नमुने घेऊन मधाच्या गुळण्यांपूर्वीचे आणि नंतरचे जीवाणू मोजावेत, असे सुचवले. माणसांवरील अशा कामासाठी नैतिकता समितीची परवानगी लागते आणि ती मिळेपर्यंत वर्ष संपेल, म्हणून ती कल्पना बाजूला ठेवली. सर्व काम काचेच्या नळीत आणि पेट्री प्लेटमध्येच होईल.

जीवाणूचे शुद्ध संवर्धन (कल्चर) चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून मागवले आहे, क्रमांक ८९०. ते येईपर्यंत कच्चा माल गोळा करायचा आहे.

७ डिसेंबर

आजचा दिवस पूर्ण वाया गेला आणि त्याचा दोष माझा आहे. जावळीच्या बाजूला सातेरी माशांच्या पेट्या ठेवणारे एक मधपाळ ओळखीचे असल्यामुळे आम्ही सरळ त्यांच्याकडे गेलो. आम्हाला चौकटींच्या कडा निरखताना पाहून ते मधपाळ मामा हसले आणि म्हणाले, "मॅडम, सातेरीच्या पेटीत राळ शोधताय? ती कुठली राळ लावतीय! तिचं सगळं मेणावर भागतंय. राळ पायजे तर इटालियनच्या पेट्या बघा." इटालियन म्हणजे मेलिफेरा ही परदेशी मधमाशी. भारतीय सातेरी माशी प्रोपोलिसचा वापर जवळपास करत नाही, ही गोष्ट मी कधीतरी वाचलेली होती, पण निघताना ती आठवली नाही. मेलिफेराच्या कामकरी माशा झाडांच्या कळ्यांवरील आणि सालीवरील चिकट राळ मागच्या पायांवर वाहून आणतात, तिच्यात मेण मिसळतात आणि पेटीतील फटी बुजवतात. ज्या माशीला फटी बुजवण्याची सवयच नाही, तिच्या पेटीत आम्ही तीन तास घालवले.

रिकाम्या हाताने परतलो नाही, हे खरे. मामांनी गेल्या मोसमातील जांभळाचा मध एक किलो दिला. तो न तापवलेला आहे, हे दोनदा विचारून घेतले, कारण पुढे त्याचे महत्त्व आहे. प्रवास आणि मध मिळून ११४० रुपये खर्च झाले.

१५ डिसेंबर

बारामतीकडील एका व्यावसायिक मधपाळाच्या मेलिफेराच्या १८ पेट्या तुरीच्या शेताकडेला होत्या. तेथे सकाळी सात वाजता पोहोचलो. वेळ महत्त्वाची आहे. थंडीत प्रोपोलिस ठिसूळ असते आणि पटाशीने खरवडले की कपच्या उडतात. अकरानंतर तेच इतके चिकट झाले की पटाशीवरून काढण्यासाठी बोटे वापरावी लागली. एका विद्यार्थिनीने हातमोजे काढले होते, तिच्या बोटांना संध्याकाळी खाज सुटून लाल चट्टे आले. काही लोकांना प्रोपोलिसची ॲलर्जी असते, त्यामुळे हातमोजे शेवटपर्यंत घालावेत.

चौकटींचे कान ज्या खाचेत बसतात ती जागा आणि आतील झाकणाची कड येथून सर्वाधिक माल मिळाला. पेटीच्या बाहेरील रंगवलेल्या भागावरचे खरवडणे आम्ही टाळले, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते आणि त्याचे कण मालात यायला नको होते. एकूण ९० ग्रॅम भरले. घरी येऊन निवडल्यावर त्यातून लाकडाचे तुसे, मेलेल्या माशांचे पाय, मेणाचे पापुद्रे आणि दोन गंजलेले खिळे निघाले; उरले ७४ ग्रॅम.

१७ डिसेंबर

कच्चा माल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी खलात कुटला. गोठलेला असताना तो छान भुकटी होतो, परंतु खल स्वतः थंड नसेल तर दोन मिनिटांत सर्व पुन्हा एकजीव होऊन तळाला चिकटते. आमचेही तसेच झाले. दुसऱ्यांदा खलही फ्रीजरमध्ये ठेवला आणि एका वेळी फक्त पाच ग्रॅम घेतले.

प्रोपोलिस पाण्यात फारसे विरघळत नाही, अर्कासाठी अल्कोहोल लागते. महाविद्यालयाच्या परवान्यावरील साठ्यातून शुद्ध अल्कोहोल घेऊन ते ७० टक्के केले. विद्यार्थिनींनी औषधांच्या दुकानातील स्पिरिट वापरण्याचे सुचवले होते. त्यात पिण्यायोग्य राहू नये म्हणून इतर द्रव्ये मिसळलेली असतात आणि तीच जीवाणू मारू शकतात, त्यामुळे ते चालणार नव्हते.

येथे घाई नडली. सात दिवस थांबण्याऐवजी २० ग्रॅम भुकटी अल्कोहोलमध्ये घालून वॉटर बाथवर गरम करून दोन तासांत अर्क काढावा, असे मी ठरवले. उष्णतेने मेणही वितळून अर्कात उतरले, थंड झाल्यावर सगळा अर्क साबणाच्या पाण्यासारखा गढूळ झाला आणि तीन गाळणकागद एकामागून एक बुजले. २० ग्रॅम माल आणि एक दिवस गेला. ज्यांना घाई असेल त्यांनीही अल्कोहोल ज्योतीजवळ कधीही तापवू नये, हे वेगळे सांगायला नको. पण आमच्याच प्रयोगशाळेत बर्नर शेजारच्या टेबलावर चालू होता, म्हणून लिहून ठेवत आहे.

१९ ते २९ डिसेंबर

नव्याने ३० ग्रॅम भुकटी ३०० मिलिलिटर ७० टक्के अल्कोहोलमध्ये, तपकिरी बाटलीत, अंधारात, खोलीच्या तापमानाला ठेवली. दिवसातून तीनदा हलवणे आणि वहीत सही करणे असे काम वाटून दिले. २६ तारखेला गाळले, मग गाळलेला द्रव रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी तळाशी मेणाचा पांढरट थर दिसला आणि थंड असतानाच पुन्हा गाळल्यावर लालसर तपकिरी, पारदर्शक अर्क मिळाला. मेण काढण्याची ही एक रात्र वाचवण्यासाठीच आम्ही आधी २० ग्रॅम फुकट घालवले होते.

अल्कोहोल उडवण्यासाठी आमच्याकडे रोटरी इव्हॅपोरेटर नाही. रुंद काचपात्रात अर्क ओतून वॉटर बाथ ४० अंशांवर ठेवला आणि हवा खेळती राहावी म्हणून धूरकपाटाचा पंखा चालू ठेवला. अडीच दिवस लागले. शेवटी गुळाच्या पाकासारखा गडद, चिकट पदार्थ उरला, त्याचे वजन ५.८ ग्रॅम भरले. म्हणजे कच्च्या मालाच्या साधारण १९ टक्के. प्रोपोलिसमध्ये निम्म्याच्या आसपास राळ असते असे पुस्तकांत असते, परंतु आपल्या पेट्यांमधील खरवडीत मेणच जास्त येते, हे हिशेबात धरूनच माल गोळा करावा.

३ जानेवारी २०२५

संवर्धन आले आहे. ब्रेन हार्ट इन्फ्युजन ब्रॉथमध्ये (जीवाणू वाढवण्याच्या द्रव माध्यमात), म्हणजे पुढे ज्याला आम्ही बीएचआय म्हणणार आहोत त्यात, ते उठवले. पण प्लेटवर दोन दिवसांनीही टाचणीच्या टोकाएवढ्याच जीवाणूंच्या वसाहती दिसल्या. या जीवाणूला थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड मानवतो. त्यासाठीचा खास इनक्युबेटर नसल्यामुळे जुन्या पद्धतीने डेसिकेटर या हवाबंद काचपात्रात प्लेटा ठेवून, आत मेणबत्ती पेटवून झाकण बंद केले. मेणबत्ती विझते तेव्हा आत सुमारे तीन टक्के कार्बन डायऑक्साइड राहतो. पहिली मेणबत्ती विद्यार्थिनीने गुलाबाच्या वासाची आणली होती. सुगंधी द्रव्यांचा परिणाम जीवाणूंवर होणार नाही याची खात्री देता येत नाही, म्हणून ती परत करून साधी पांढरी आणली. दुसऱ्या दिवशी वसाहती व्यवस्थित मोठ्या झाल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र गोंधळ झाला. जुन्या ब्रॉथमधील थेंबात गोल पेशींऐवजी आखूड दांडीसारख्या पेशी दिसल्या आणि संवर्धन अशुद्ध झाल्याचे समजून आम्ही ते फेकण्याच्या बेतात होतो. १९२४ मध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांमधून हा जीवाणू प्रथम वेगळा केला, तेव्हा त्यांनाही पेशी लांबट दिसल्या होत्या आणि हा स्ट्रेप्टोकॉकसचाच बदललेला प्रकार असावा, या समजुतीने त्यांनी म्युटन्स हे नाव दिले. स्वतः तयार केलेल्या आम्लात राहिला की तो असा लांबट होतो. ताज्या ब्रॉथमध्ये सहा तास वाढवून पाहिल्यावर गोल पेशींच्या साखळ्या दिसल्या. संवर्धन वाचले.

८ जानेवारी

पहिला झोन! अगारात, म्हणजे प्लेटमधील जेलीसारख्या माध्यमात, सहा मिलिमीटरची विवरे पाडून त्यांत ५० मायक्रोलिटर अर्क भरला होता. हा अर्क ७० टक्के अल्कोहोलमध्ये परत विरघळवलेला होता. आज सकाळी विवराभोवती वाढ न झालेली स्वच्छ वलये, म्हणजेच झोन, होती, सरासरी १६ मिलिमीटर. विद्यार्थिनींनी छायाचित्रे काढून वर्गाच्या गटावर टाकली. मीही कौतुक केले.

१० जानेवारी

छायाचित्रे मागे घ्यावी लागली. त्याच प्लेटच्या शेजारी नुसत्या ७० टक्के अल्कोहोलचे विवर ठेवायला हवे होते. ते आम्ही ठेवले नव्हते, काल ठेवले. त्याचा झोन १३ मिलिमीटर आला. म्हणजे १६ मधील बहुतेक काम अल्कोहोल करत होते आणि मधमाशीला त्याचे श्रेय आम्ही उगीच दिले होते.

प्लेटा जपून ठेवल्या आहेत. दोघींचा विरस झाला, परंतु या प्रकल्पात आतापर्यंत हाती लागलेली ही पहिली खरी माहिती आहे, असे मी त्यांना सांगितले आणि ते मी मनापासून म्हटले. विवराऐवजी आता कागदाच्या चकत्या वापरल्या. चकतीवर अर्क टाकायचा, निर्जंतुक हवेच्या लॅमिनार कपाटात तासभर ठेवून अल्कोहोल पूर्ण उडू द्यायचे आणि मगच अगारावर ठेवायची. अल्कोहोलच्या चकतीलाही हीच वागणूक द्यायची. असे केल्यावर अल्कोहोलचा झोन नाहीसा झाला आणि प्रोपोलिसचा फक्त नऊ मिलिमीटर उरला, त्यात सहा चकतीचेच. त्याच प्लेटवर बाजारातील ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या माउथवॉशची चकती १८ दाखवत होती.

नऊवरून प्रोपोलिस दुर्बळ आहे असाही निष्कर्ष काढता येत नाही. राळ पाण्याशी फटकून असते, अगार बहुतांश पाणी, त्यामुळे ती चकतीतून बाहेर पसरतच नाही. चकतीखालची जागा मात्र स्वच्छ होती. झोनचा आकार हे या पदार्थासाठी वाईट मोजमाप आहे, असे ठरवून आम्ही ब्रॉथमधील विरलनाकडे, म्हणजे अर्क क्रमाक्रमाने पातळ करून पाहण्याकडे, वळणार आहोत.

१५ जानेवारी

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिळगुळाचा डबा आला आणि तो बाहेर व्हरांड्यात ठेवण्यावरून थोडी कुरबुर झाली. आत म्युटन्स, बाहेर साखर, ही विभागणी मात्र प्रकल्पाला साजेशी होती.

आजपासून मध घेतला आहे. १० जानेवारीच्या धड्यानंतर प्रथम कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, तयार केला. ४०.५ ग्रॅम फ्रुक्टोज, ३३.५ ग्रॅम ग्लुकोज, ७.५ ग्रॅम माल्टोज, १.५ ग्रॅम साखर आणि १७ मिलिलिटर पाणी असा कृत्रिम मध केला. मध जीवाणू मारतो तो काही अंशी नुसत्या घट्टपणामुळे. इतक्या साखरेत पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते, आणि त्यासाठी माशीची गरज नसते. पाणी न मिसळलेला जांभळाचा मध विवरात १४ मिलिमीटरचा झोन दाखवतो, कृत्रिम मध १२ दाखवतो. फरक आहे, पण तो दोन मिलिमीटरचा आहे.

२१ जानेवारी

मधाच्या सहा नळ्यांपैकी चार नळ्यांत पृष्ठभागावर सुरकुतलेली साय आली. म्युटन्स अशी साय धरत नाही. ग्रॅम रंजनात बीजाणू असलेल्या दांड्या दिसल्या, म्हणजे बॅसिलस. कच्च्या मधात असे बीजाणू असतातच. मधात ते वाढत नाहीत, पण आम्ही मध पातळ करून ब्रॉथमध्ये घातल्याबरोबर त्यांना रान मोकळे झाले. (एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये असे डॉक्टर सांगतात, तेही अशाच एका बीजाणूमुळे, तो जीवाणू वेगळा.)

ऑटोक्लेव्ह केला, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक केला, तर मधातील विकरे (एन्झाइम) मरतात, म्हणून गाळणे हाच मार्ग. घट्ट मध ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जाईना, सिरिंजचा दट्ट्या ढकलताना गाळणीच सुटून मध छतापर्यंत उडाला. आधी निर्जंतुक पाण्याने निम्मा पातळ करून, कापडातून आणि ०.४५ मायक्रॉनमधून गाळून, मग ०.२२ मधून काढला तेव्हा जमले. पाच गाळण्या खर्ची पडल्या. प्रकल्पातील सर्वांत महाग चूक हीच ठरली.

२७ जानेवारी

शनिवारी नळ्या ठेवून गेलो. रविवारी प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाला सगळे आले होते, पण प्रयोगशाळेचे कुलूप कुणी उघडले नाही, आणि इनक्युबेटरचा ट्रिप झालेला स्विच आज सकाळी दिसला. आत २४ अंश होते. संपूर्ण संच टाकला. याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

३ फेब्रुवारी

प्रोपोलिसचे ब्रॉथमधील विरलन अखेर व्यवस्थित झाले. ते होईपर्यंत दोन अडचणी आल्या.

पहिली विद्रावकाची. अल्कोहोल नको म्हणून वाळवलेला अर्क डीएमएसओ या विद्रावकात विरघळवला, मिलिलिटरला ४०० मिलिग्रॅम इतका तीव्र, म्हणजे सर्वांत जास्त प्रमाणाच्या नळीतही डीएमएसओ एका टक्क्यावर जाणार नाही. कमी प्रमाणाच्या नळ्यांमध्येही तो मुद्दाम एक टक्का भरला, आणि नुसत्या एक टक्का डीएमएसओच्या नळीत जीवाणू नेहमीसारखे वाढले.

दुसरी अडचण दिसण्याची. ब्रॉथमध्ये अर्क पडताच तो दुधासारखा पांढरा होतो. नळी गढूळ झाली म्हणजे वाढ झाली, ही आमची नेहमीची खूण येथे निरुपयोगी ठरली, कारण जीवाणू न घातलेली नळीसुद्धा तितकीच गढूळ होती. निळ्याचे गुलाबी होणाऱ्या रेझाझुरिन रंगाचा विचार झाला, परंतु प्रोपोलिसमधील फिनॉलयुक्त द्रव्ये स्वतःच तो रंग बदलू शकतात. शेवटी साधा उपाय केला. २४ तासांनी प्रत्येक नळीतील पाच मायक्रोलिटरचा थेंब ताज्या अगारावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी थेंबाच्या जागी सुरुवातीच्या तुलनेत किती वाढ आली ते पाहिले. एक दिवस जास्त जातो, पण फसगत होत नाही.

तीन वेळा केलेल्या प्रयोगात मिलिलिटरला एक मिलिग्रॅम प्रोपोलिसला वाढ थांबली आणि चार मिलिग्रॅमला थेंबाच्या जागी काहीच उगवले नाही. त्याच दिवशी क्लोरहेक्सिडिन माउथवॉश हजारपट पातळ केला तरी वाढ थांबलेली होती. त्या नळीत औषध मिलिलिटरला दोन मायक्रोग्रॅम एवढेच असते. म्हणजे आमच्या अर्काचा एक मिलिग्रॅम जे काम करतो, त्यासाठी क्लोरहेक्सिडिनला त्याचा पाचशेवा भाग पुरला. अर्क हा अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे आणि त्यातील परिणामकारक भाग थोडाच असणार, हे मान्य करूनही ही तुलना अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवी, असा माझा आग्रह आहे. एका विद्यार्थिनीला ती शेवटच्या परिशिष्टात टाकायची होती.

१० फेब्रुवारी

मधाचा निकाल लागला आणि तो मधाच्या बाजूने लागला नाही.

ब्रॉथमध्ये २० टक्के कच्च्या मधाने वाढ थांबते, २० टक्के कृत्रिम मधाने फक्त मंदावते. तोच कच्चा मध ८० अंशांवर अर्धा तास ठेवून वापरला तेव्हा तो कृत्रिम मधासारखाच वागला. यावरून जो काही जास्तीचा परिणाम होता तो तापवल्यावर नष्ट होणाऱ्या विकराचा असावा. मध पातळ झाला की त्यातील ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, आणि म्युटन्सजवळ ते तोडणारे कॅटलेज हे विकर नसते. येथवर सर्व मनासारखे होते. परंतु दहा टक्क्यांना परिणाम अर्धवट झाला आणि पाच टक्क्यांना जीवाणू नुसते जगले नाहीत, तर त्यांनी मध खाल्ला. पाच टक्के मधाच्या ब्रॉथचा पीएच (आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) सुरुवातीला ७.० होता, २४ तासांनी ४.६ झाला. जीवाणू न घातलेल्या नळीचा हललाही नाही. दाताचे इनॅमल साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागते.

तोंडात चमचाभर मध घेतला तर लाळेने तो काही मिनिटांत या प्रमाणाच्याही खाली जातो, उलट लाळेत पेरॉक्साइड तोडणारी विकरे असतात. "मधाने दात किडत नाहीत" असे घराघरांत सांगितले जाते. आमच्या नळ्यांमध्ये तो पाच टक्क्यांवर साखरेसारखाच वागला. मामांना हे फोनवर सांगताना मला थोडे अवघड वाटले. ते एवढेच म्हणाले, "आम्ही रोज खातो, पण चूळ भरतो की."

१७ ते २४ फेब्रुवारी

या आठवड्यातील काम मला सर्वांत रंजक वाटले. म्युटन्सचे नुकसानकारक वैशिष्ट्य नुसते आम्ल नव्हे. साध्या साखरेपासून तो ग्लुकोसिलट्रान्सफरेज या विकरांच्या मदतीने ग्लुकानचे चिकट धागे विणतो आणि दाताला चिकटून बसतो. प्रोपोलिसमधील काही फ्लॅव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींतून आलेली द्रव्ये, या विकरांना अडवतात. जीवाणू न मारता त्याला चिकटू न देणे शक्य आहे का, हे पाहायचे होते.

पद्धत स्वस्त आहे. काचेच्या नळ्यांत पाच टक्के साखरेचा बीएचआय, नळ्या साधारण ३० अंशांत तिरक्या, २४ तास मेणबत्तीच्या डब्यात. नंतर द्रव ओतून, हलक्या हाताने धुऊन, काचेला चिकटलेला थर क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायचा, रंग अल्कोहोलमध्ये उतरवायचा आणि कलरीमीटरवर मोजायचा. साखरेऐवजी ग्लुकोज घातलेल्या नळीत जीवाणू भरपूर वाढतात पण काचेला चिकटत नाहीत; हा कंट्रोल अवश्य ठेवावा, तो पाहताना मुलांना विषय एका क्षणात समजतो.

पहिल्या दिवशी आम्ही नळ्या थेट नळाखाली धुतल्या आणि कंट्रोलमधील थरही सालीसारखा निघून गेला. मग पिपेटने, भिंतीवरून, दोन मिलिलिटर पाणी दोनदा, असे ठरवले. दुसऱ्या दिवशी प्रोपोलिसच्या नळ्यांमध्ये थर उलट जास्त दिसला. तो जीवाणूंचा नव्हताच, राळ स्वतः काचेवर बसून जांभळा रंग धरत होती. जीवाणू नसलेली, फक्त प्रोपोलिसची नळी ठेवून तिचे वाचन वजा केल्यावर चित्र स्पष्ट झाले. प्रोपोलिस नसलेल्या नळीचे वाचन ०.९२ होते. मिलिलिटरला पाव मिलिग्रॅम असताना वजाबाकीनंतर ०.५५ आले, आणि अर्धा मिलिग्रॅम असताना ०.२४.

अर्ध्या मिलिग्रॅमचा आकडा आकर्षक आहे, पण वसाहती मोजल्यावर तेथे जिवंत जीवाणूच कमी असल्याचे दिसले, त्यामुळे थर कमी झाला तो विकर अडल्यामुळे की वाढ कमी झाल्यामुळे, हे सांगता येत नाही. पाव मिलिग्रॅमच्या नळीत मात्र जीवाणूंची संख्या कंट्रोलइतकीच होती आणि थर तरीही कमी होता. तीन महिन्यांत ज्या एका आकड्यावर मी सही करायला तयार आहे, तो हा आहे.

५ मार्च

त्याच मधपाळाच्या पेट्या आता कांद्याच्या बियाण्याच्या शेतात आहेत. तेथून फेब्रुवारीअखेर नव्याने खरवडलेल्या मालाचा अर्क अगदी त्याच पद्धतीने काढला आणि वाढ थांबण्यासाठी एकऐवजी दोन मिलिग्रॅम लागले. रंगही फिकट आहे. माशा जवळ जी झाडे असतील त्यांची राळ आणतात; युरोपात ती मुख्यतः पॉप्लरची असते, ब्राझीलचे हिरवे प्रोपोलिस बॅकॅरिस नावाच्या झुडपाचे असते, आणि आमच्या पेट्यांची कोणत्या झाडांची हे आम्ही ओळखू शकलेलो नाही. त्यामुळे परदेशी लेखांतील प्रमाण येथे लावू नये आणि आमचे प्रमाण इतरांनी स्वतःच्या अर्काला लावू नये. प्रत्येक घाण्याचे फिनॉलचे प्रमाण फोलिन पद्धतीने मोजून अर्क तुलनायोग्य करायला हवेत. ते रसायनशास्त्र विभागाच्या मदतीने पुढच्या वर्षी करायचे आहे.

१२ मार्च

उद्या होळी आणि सोमवारी अहवाल द्यायचा आहे. सर्व प्लेटा आणि नळ्या ऑटोक्लेव्ह करून टाकल्या. काचपात्रांवरील तपकिरी डाग साबणाने जात नाहीत, उरलेल्या अल्कोहोलने पुसल्यावर जातात.

महाविद्यालयाकडे आधीपासून असलेली माध्यमे आणि अल्कोहोल सोडून खर्च असा झाला : तीन फेऱ्यांचा प्रवास आणि मध २७६० रुपये, गाळण्या ३४०० रुपये, माउथवॉश, मेणबत्त्या, हातमोजे आणि किरकोळ ९१० रुपये. संवर्धनाचे शुल्क विभागाने भरले. वेळेचा हिशेब केला तर १०० दिवसांपैकी सुमारे ३० दिवस चुका दुरुस्त करण्यात गेले. त्यातील इनक्युबेटरचा संच सोडला तर बाकीचे बहुतेक दिवस कंट्रोल आधी न ठेवल्यामुळे गेले.

पहिल्या खेपेतील २४ ग्रॅम कच्चे प्रोपोलिस फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात तपकिरी बरणीत ठेवले आहे, बरणीवर तारीख आणि ठिकाण लिहिले आहे. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी ते कुटण्याआधी पुन्हा एकदा निवडावे. मधपाळांच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी त्यांच्या चौकटींचे तीन खिळे निघाले होते, आणि आम्हाला दोनच सापडले आहेत.